शिफारसपत्रातल्या पाच मर्यादा

४ मार्च

विभागाच्या कार्यालयातल्या बाईंनी आज बोलावून सांगितलं की माझा करार ३१ मेला संपतो. मला ते माहीत होतं. पण मला माहीत आहे याची कार्यालयाकडे नोंद नव्हती, म्हणून एका कागदावर सही घेतली. बाई म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका, हा कागद सगळ्यांनाच देतो." मी म्हटलं, छे, वाईट कसलं. हे खरं नव्हतं. निदान एका ठिकाणी तरी खरं लिहावं म्हणून ही वही सुरू केली आहे.

आधी सद्यःस्थिती. वय छत्तीस. पीएच.डी. होऊन चौदा महिने झाले. विषय, साठवलेल्या गव्हाला लागणारा सोंडा. मादी दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. एवढ्या दाण्यांतून तोच दाणा ती का निवडते, यावर मी सात वर्षं घालवली. उत्तर निम्मं मिळालं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागा हवी, आणि ती याच विद्यापीठात हवी. बायकोचं चष्म्याचं दुकान इथे आहे, आई इथे आहे, आणि सोंडे पाळलेल्या माझ्या सेहेचाळीस बरण्याही इथेच आहेत.

जागा मिळाली नाही तर काय, हेही ठरलेलं आहे. मेहुण्याचा पेस्ट कंट्रोलचा धंदा आहे. "भाऊजी, किडे मारायला किडे ओळखणारा माणूस लागतो," असं तो दोन वर्षं म्हणतोय. आईला ही कल्पना पसंत आहे. तिचं म्हणणं, सगळं जग धान्यातले किडे काढून टाकतं आणि आमचा हा त्यांना खाऊपिऊ घालतो.

९ मार्च

विद्यापीठ मोठं आहे असं सगळे म्हणतात. किती मोठं ते मोजलं. संकेतस्थळावर प्राध्यापक चारशे बारा. त्यांतले दोन हयात नाहीत, त्यांपैकी एकांच्या नावाची इमारत आहे. किडे, किंवा किडे जे खातात ते, यावर काम करणारे एकतीस. सहा निवृत्त, चार रजेवर, आणि सात जणांनी आपल्या पानावर 'सध्या जागा नाही' असं आधीच लिहून ठेवलं आहे. उरले चौदा.

जाहिरातींची वाट बघू नका, असं कार्यालयातल्या बाई म्हणाल्या. "जाहिरात येते ती माणूस ठरल्यावर." म्हणजे सरळ मेल लिहायची, सोबत गाइडचं शिफारसपत्र. चौदा जणांना मेल लिहायच्या तर त्यांचं काम वाचायला हवं. माणशी तीन निबंध धरले, एकूण बेचाळीस. बायको म्हणाली, "एवढं वाचून लग्न करायची पद्धत असती तर तू राहिलाच असतास."

१४ मार्च

सरांकडे शिफारसपत्र मागितलं. सर म्हणजे माझे गाइड. ते चार समित्यांवर आहेत, आणि समित्यांची संख्या कमी करण्यासाठी जी पाचवी नेमली आहे तिचे अध्यक्ष आहेत. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं जिन्यातच होतं.

"पत्र ना? हो हो. तू मसुदा कर, मी सही करतो."

"सर, माझ्याबद्दलचं पत्र मीच लिहू?"

"अरे, तुझ्याबद्दल तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?"

हा मुद्दा बिनतोड होता. तरी चौकशी केली. सगळीकडे असंच चालतं म्हणे. शेजारच्या लॅबमधल्या एकाने आपल्या पत्रात 'वीस वर्षांतला माझा सर्वोत्तम विद्यार्थी' असं लिहून सही घेतली. त्याच्या गाइडना शिकवायला लागून बारा वर्षं झाली आहेत.

१७ मार्च

पत्र पूर्ण झालं. तीन दिवस लागले. दुसऱ्याच्या तोंडून स्वतःबद्दल बोलायचं म्हणजे दुप्पट जबाबदारी. मी कौतुक केलं तर ते सरांच्या नावावर जाणार. जे सर बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी कसं घालायचं? सात वर्षांत सरांनी माझ्या कामाबद्दल काढलेले उद्गार आठवून बघितले. 'बरं', 'चालेल', आणि एकदा एका परिषदेत 'हा आमचा गव्हावाला'. एवढ्या सामग्रीत पत्र बसवणं सोपं नव्हतं.

शेवटी नेहमीची शिस्त उपयोगी पडली. कुठल्याही चांगल्या शोधनिबंधाच्या शेवटी 'मर्यादा' नावाचा भाग असतो. आपल्या कामात काय कमी आहे ते आपणच सांगायचं, म्हणजे उरलेल्यावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. शिफारसपत्रात हा भाग कोणीच घालत नाही, याचं मला आश्चर्य वाटलं. मी घातला. इथे उतरवून ठेवतो:

'मर्यादा. १) उमेदवाराचा वेग मध्यम आहे. २) तिसऱ्या वर्षी इन्क्युबेटरचं दार नीट न लागल्याने चार महिन्यांची पैदास मेली. दार शेवटचं उमेदवारानेच लावलं होतं, असं त्याच्याच नोंदींवरून दिसतं. ३) प्रश्नाचं उत्तर देण्याआधी उमेदवार इतका विचार करतो की विचारणारा कधी कधी निघून जातो. ४) निष्कर्ष काढायला कचरतो. ५) प्रबंधाच्या बऱ्याचशा काळात माझ्याकडे तुलनेसाठी दुसरा विद्यार्थी नव्हता. त्यामुळे वरील मतं सावधपणे घ्यावीत.'

'मध्यम' या शब्दावर तासभर गेला. 'संथ' लिहिलं होतं, पण ते स्वतःवर अन्याय करणारं वाटलं. आपल्याकडून थोडं झुकतं माप दिलं गेलं, याची टोचणी आहे.

१८ मार्च

सरांनी जिन्यातच, भिंतीला कागद लावून सही केली. दुसऱ्या हातात फोन होता. सही थोडी वर गेली आणि पाचव्या मर्यादेवर बसली, पण वाचता येते.

नियम असा आहे की हे पत्र गोपनीय असतं आणि उमेदवाराने ते पाहायचं नसतं. मी ते लिहिलं, छापलं, सही घेतली, स्कॅन केलं आणि सरांच्या सांगण्यावरून सरांच्या खात्यातून पाठवलं. या सगळ्यात ते माझ्या नजरेस पडलं, त्याला इलाज नव्हता.

३ एप्रिल

चौदापैकी नऊ नकार आले. भाषा सौजन्याची आहे. वनस्पतीवाल्या एका प्राध्यापकांनी लिहिलं, 'तुम्हाला मोकळं वातावरण लाभो ही शुभेच्छा.' वातावरणाचा उल्लेख का केला असावा, कळलं नाही. इन्क्युबेटरबद्दल असेल.

८ एप्रिल

चौदा नंबरच्या इमारतीत मुलाखत झाली. या इमारतीला तळमजला नाही, दारातून आत गेलं की आपण थेट दुसऱ्या मजल्यावर असतो. प्राध्यापक मृदू बोलणारे होते. गव्हाबद्दल दोन प्रश्न विचारले, मग दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुमचे आणि तुमच्या गाइडचे संबंध कसे आहेत?"

मी विचार करून सांगितलं, "उत्तम. ते माझ्याकडे अत्यंत तटस्थपणे बघतात."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग स्वतः चहा करून दिला. जागा दिली नाही.

११ एप्रिल

विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीतून फोन आला. बाईंचा आवाज फार समजूतदार होता. म्हणाल्या, "नाव गुप्त राहील. तुम्हाला काही सांगायचं आहे का?" मी पुष्कळ विचार केला. मग आठवलं आणि सांगितलं की दुसऱ्या मजल्यावरचं पाण्याचं यंत्र जानेवारीपासून बंद आहे. त्यांनी ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "जेव्हा बोलावंसं वाटेल तेव्हा फोन करा."

एवढ्या मोठ्या विद्यापीठात पाण्याच्या यंत्राची कोणी इतकी काळजी घेतं, हे बघून बरं वाटलं.

१५ एप्रिल

आमच्या लॅबमध्ये आणखी एक जण आहे. तिला सगळे धाकटी म्हणतात, कारण ती सगळ्यांत शेवटी आली. मला ती दादा म्हणते. गेल्या महिन्यात तिने प्रबंध सादर केला आणि आता तीही पोस्टडॉकची जागा शोधते आहे. आज सर जिन्यात भेटले. "तिचंही पत्र तूच करून टाक. तुझं लिखाण व्यवस्थित असतं."

व्यवस्थित! म्हणजे सरांनी माझं पत्र वाचलं तर. दिवसभर बरं वाटत होतं.

१९ एप्रिल

धाकटीचं पत्र झालं. मुख्य भाग एका बैठकीत लिहून झाला. ती कशी दाणा उजेडाकडे धरून बघते, चुकलेला प्रयोग मांडून ठेवून त्याच्याशी कशी भांडते, आणि माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण तिच्या एका प्रश्नामुळे कसं उलटंपालटं झालं, हे सगळं आपोआप लिहिलं गेलं. घोडं अडलं ते मर्यादांवर. चार दिवस शोधतोय. 'उतावळी आहे' असं लिहिलं, पण त्या उतावळेपणाने तीन प्रयोग वाचले आहेत, म्हणून ती मर्यादा वरच्या भागात गुण म्हणून हलवावी लागली. 'मोठ्याने बोलते' लिहिलं. आमच्या लॅबमध्ये एरवी कोणीच बोलत नाही, तेव्हा तेही खोडलं.

शेवटी तो भागच काढून टाकला. पुरावा नसेल तर लिहू नये.

२५ एप्रिल

उरलेल्या पाचांपैकी चौघांचे नकार आले. चौथ्या मजल्यावरच्या मॅडम उरल्या. त्यांचं काम लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांवर आहे. त्यांच्याकडे जागा एकच आहे आणि त्यांनी ४ मेला मुलाखतीला बोलावलं आहे. मेलमध्ये लिहिलंय, 'तुमचे निबंध वाचले. पत्रही वाचलं. प्रत्यक्ष भेटू.'

आज मेहुण्याबरोबर एका गोदामात गेलो होतो. नुसतं बघायला, असं तो म्हणाला. पोत्यांच्या थप्प्यांना वरून काहीच लागलेलं दिसत नव्हतं. मी डाव्या थप्पीतले मूठभर दाणे पाण्यात टाकले, बरेचसे तरंगले. आतून पोकळ झालेले. मेहुणा बघतच राहिला. मग त्याची माणसं औषध मारायची तयारी करू लागली, तेव्हा मी विचारलं, एक किलो जिवंत घेऊन जाऊ का, ही पैदास आपल्याकडच्यापेक्षा मोठी दिसते.

"भाऊजी," तो म्हणाला, "आपण मारायला आलोय."

मला हे काम जमतंय, चांगलं जमतंय, ही गोष्ट मनाला लागून राहिली आहे. १ जूनपासून ये म्हणतो. ३१ मेपर्यंत सांगतो म्हटलं.

४ मे

मुलाखत. बाहेरच्या बाकावर धाकटी बसली होती. तिलाही याच जागेसाठी बोलावलं होतं, आम्हा दोघांनाही ते तिथेच कळलं. ती एकदम उठली. "दादा, मी जाते परत." मी म्हटलं, वेड्यासारखं करू नकोस, बस. मग आम्ही दोघं तिच्या बाटलीतलं पाणी प्यायलो. पाण्याचं यंत्र चौथ्या मजल्यावरही बंद आहे.

मॅडमच्या टेबलावर दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवलेली होती. एक माझं, एक तिचं, खाली सही एकच. मॅडम कितीतरी वेळ आळीपाळीने दोन्ही बघत राहिल्या.

"ही दोन्ही एकाच माणसाने लिहिली आहेत यावर माझा विश्वास बसत नाही."

"एकाच माणसाने लिहिली आहेत," मी म्हटलं.

"तुमच्याबद्दल यात जे आहे ते तुम्हाला पटतं?"

"अक्षर न् अक्षर."

"आणि तिच्याबद्दल जे आहे ते?"

"तिच्याबद्दल थोडं कमीच लिहिलं गेलंय."

मॅडमनी चष्मा काढला. चष्म्याची एक दांडी सैल आहे, हे माझ्या लक्षात आलं. दुकानाचा पत्ता द्यावा असं मनात आलं, पण मुलाखतीत ते बरं दिसलं नसतं.

९ मे

जागा धाकटीला मिळाली.

निवड योग्य आहे. माझ्याकडे ती दोन पत्रं आली असती तर मीही तिलाच घेतलं असतं. हे सगळं मान्य करूनही मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. तिने पेढा द्यावा तसा घाबरत घाबरत हात पुढे केला आणि मी तो हातात घेऊन अभिनंदन म्हटलं. मग शीतकपाटांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे आवाज इतका असतो की कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

घरी सांगितलं. बायकोने माझा चष्मा काढून घेतला आणि पुसून दिला. आई म्हणाली, "मेहुण्याकडे निदान माणसांशी तरी बोलशील."

२० मे

अकरा दिवस काही लिहिलं नाही. बरण्या कोणाच्या हवाली करायच्या त्याची यादी करत होतो.

आज दुपारी धाकटी धावत आली. जिना चढून आलेली, दम लागलेला, आणि चिडलेली. तिला इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. चहा पिताना मॅडमनी तिला विचारलं म्हणे, "तुझ्या सरांनी त्या गृहस्थांवर एवढा डूख का धरलाय? शिफारसपत्रात कोणी पाच मर्यादा लिहितं का?" गोपनीय पत्राबद्दल असं बोलणं नियमात बसत नाही. मी तसं म्हणणार होतो.

"दादा, 'मर्यादा' म्हटल्याबरोबर मला कळलं. सर कधी मर्यादा लिहितात का? माझ्या पहिल्या पोस्टरवरसुद्धा तुम्ही मला मर्यादा लिहायला लावल्या होत्या. ते पत्र तुम्ही लिहिलंय ना?"

"मसुदा मी केला. सरांच्या सांगण्यावरून."

"आणि माझं?"

मी उत्तराचा विचार करत होतो. तेवढ्यात ती रडायला लागली. मला वाटलं सरांनी स्वतः लिहिलं नाही म्हणून वाईट वाटलं असेल, म्हणून सांगितलं की सही सरांचीच आहे. त्यावर ती आणखीच रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, मॅडमकडे दुसरी जागा मंजूर होण्यातली आहे, एक वर्षाची. मॅडमना मी हवा आहे. पण निवड समितीपुढे ते पत्र गेलं तर समिती हात लावणार नाही. सरांनी स्वतः लिहिलेलं नवं पत्र ३० तारखेच्या आत हवं.

"त्या पत्रात चूक काय आहे?" मी विचारलं.

तिने कपाळाला हात लावला.

२१ मे

बायकोने पत्र वाचायला मागितलं. तिने ते दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात वाचलं. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"हे तुझ्याबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी त्याच्या घरी जाऊन भांडले असते. आता कुठे जाऊ?"

मी तिला शोधनिबंधातल्या मर्यादांचं महत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, "तू दुकानात बसलास तर गिऱ्हाइकाला सांगशील, चष्मा बरा आहे पण तुमचं नाक वाकडं आहे." मग रागावलीच. चौदा जागा, म्हणाली, चौदा ठिकाणी तू स्वतः जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून आलास आणि घरी येऊन म्हणतोस, भाषा सौजन्याची आहे.

पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही, हे मी तिला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी माझं मलाच ते पुरेसं वाटलं नाही.

२३ मे

सरांना जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मग नवा मसुदा कर की." मी म्हटलं, मॅडमना तुम्ही स्वतः लिहिलेलं हवंय. सर दोन पायऱ्या खाली उतरले, थांबले. "जुनं दे बघू."

त्यांनी ते जिन्यात उभ्यानेच वाचलं. फोन वाजला, उचलला नाही. वाचून झाल्यावर घडी घालून खिशात ठेवलं.

"यावर माझी सही आहे?"

"हो सर. पाचव्या मुद्द्यावर."

सर बैठकीला जाण्याऐवजी वर, आपल्या खोलीत गेले. बैठक समित्या कमी करण्याची होती. ती अध्यक्षांशिवाय झाली असं नंतर कळलं.

२६ मे

आज दाणे चाळण्याचा दिवस. नऊ वाजता सर लॅबमध्ये आले आणि स्टूल ओढून माझ्या शेजारी बसले. त्यांना काहीतरी हवं असेल म्हणून मी उभा राहिलो. "तू तुझं चालू ठेव," म्हणाले.

मी चालू ठेवलं. बरणी उघडायची, चाळायचं, किडे वेगळे, दाणे वेगळे. दाणे लाल रंगात बुडवायचे आणि धुऊन घ्यायचे, म्हणजे जिथे अंडं घालून भोक बुजवलंय तिथे ठिपका उठून दिसतो. मग ठिपके मोजायचे.

"रोज करतोस हे?"

"मंगळवार आणि शुक्रवार. रोज केलं तर त्यांना त्रास होतो."

थोड्या वेळाने म्हणाले, "दे, मी मोजतो." एकेचाळीस आले म्हणाले. मी पुढची बरणी घेता घेता ती बशी पुन्हा त्यांच्यासमोर सरकवली. या वेळी बेचाळीस आले. पुन्हा सरकवली. त्रेचाळीस आल्यावर मी लिहून घेतलं. सर बराच वेळ बशीकडे बघत बसले. मग माझ्या जुन्या नोंदवह्या मागितल्या आणि कपाटापाशी उभं राहून चाळल्या. दर पानाच्या खाली त्यांची सही आहेच.

तीन तास होते. पत्राचं विचारावं असं फार वाटत होतं, पण विचारलं नाही. आता ते काय लिहितील याची भीती वाटते. इतके दिवस सरांना माझ्याबद्दल काय वाटतं हे मला नक्की माहीत होतं, कारण ते मीच लिहिलं होतं.

२९ मे

सरांची मेल आली. वर एकच ओळ, 'भाषा बघ.' आणि खाली पत्र. काहीही लिहिलं की सर ते भाषा बघायला मला पाठवतात, इतक्या वर्षांच्या सवयीने बोट तिकडेच गेलं असणार. हे पत्र माझ्याबद्दलच आहे हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

गोपनीय आहे. वाचायचं नाही असं ठरवलं. पण न वाचता भाषा बघता येत नाही.

'याच्या कामाखाली मी सात वर्षं सह्या केल्या. वाचून केलेल्या फार थोड्या. परवा त्याच्या शेजारी तीन तास बसलो. मी दोनदा चुकीचं मोजलं. तो मला चूक म्हणाला नाही, फक्त बशी पुन्हा पुढे सरकवत राहिला. आधीचं पत्र त्याने लिहिलं होतं आणि मी न वाचता सही केली होती. ते रद्द समजावं. त्याच्या कामात मला कधी चूक सापडली नाही. माझ्याकडे पैसा आणि जागा असती तर मी त्याला कुठेही जाऊ दिलं नसतं. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.'

एवढंच.

एकेक वाक्य तपासलं. 'कधी चूक सापडली नाही' इथे थांबलो. चुका झाल्या आहेत, त्यांची यादी मी दिलेली आहे. पण 'सापडली नाही' हे खरं आहे, कारण सरांनी कधी शोधलीच नव्हती. वाक्य ठेवलं.

शेवटच्या वाक्याशी मात्र फार वेळ गेला. मी ते वाचलं त्या क्षणी ते खोटं झालं. नियमाप्रमाणे ते काढायला हवं, निदान सरांच्या लक्षात तरी आणून द्यायला हवं. मी उठलो, जिन्यापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा वाचलं. माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे भाषा नीट दिसत नव्हती.

काही बदललं नाही. 'भाषा बघितली' एवढं लिहून परत पाठवलं.

३१ मे

सकाळी मेहुण्याचा फोन, "मग काय ठरलं?" संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलं. बायको दुकान उघडून परत घरी आली, काहीतरी विसरलं म्हणाली, आणि काहीच न घेता बसून राहिली.

साडेअकराला मॅडमचा फोन. जागा मंजूर. एक वर्ष, पुढचं पुढे. "उद्या नऊला या. आणि बरण्या कमी आणा, माझ्याकडे एवढी फळी नाही." मी बायकोला सांगितलं. ती हसता हसता रडली आणि आधी मेहुण्याला फोन लावला. आईने विचारलं, "म्हणजे ते किडेही राहणार?" राहणार म्हटलं.

दुपारी सरांना सांगायला गेलो. ते जिन्यातच भेटले, खाली उतरत होते, हातात फायली होत्या.

"सर, जागा मिळाली."

"बरं झालं," सर म्हणाले आणि दोन पायऱ्या उतरले. मग माझ्याकडे न बघता थांबले. "ते पत्र. भाषा ठीक होती ना?"

"हो, सर."

"सगळी?"

"सगळी, सर."

सरांनी मान हलवली. फायली या हातातून त्या हातात घेतल्या आणि बैठकीला गेले.